कांदा कट कर, म्हणजे नेमकं काय कर?

रविवारची सकाळ, कोल्हापुरातलं एक मिसळीचं हॉटेल, बाकडी भरलेली आणि दारात ताटकळलेली माणसं. भट्टीजवळून आचाऱ्याची आरोळी आली, "कट संपत आलाय, कांदा कट कर लवकर!" आतल्या नव्या पोरानं विचारलं, "कसा?" "कसा म्हंजे? कट कर की लेका!" पोरानं चाकू घेतला, कांद्याच्या जाड गोल चकत्या पाडल्या आणि परात पुढं सरकवली. आचाऱ्याला कांदा वाटणासाठी हवा होता, म्हणजे उभा आणि पातळ. जाड चकती तेलात टाकली की कडा करपते आणि गाभा कच्चा राहतो. तसलं वाटण कटात गेलं की कडवटपणा उतरतो, आणि तो वरून चटणी घालून झाकता येत नाही. पोराला बोलणी बसली. त्याचं तसं काही चुकलं नव्हतं. त्याला मिळालेला हुकूमच अर्धा होता. 'उभा पातळ चीर' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

त्या आरोळीत दोन कट होते आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. पातेल्यातला कट आपला. पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचं निथळलेलं पाणी म्हणजे कट, त्याची आमटी होते. आणि मिसळीवर ओततात त्या लालभडक, तेलाचा तवंग धरलेल्या रश्श्यालाही कटच म्हणतात. कट रचतात आणि शिजवतात तो आणखी तिसराच. दुसरा कट इंग्रजी शाळेतून आला. क्रियापदांची तीन रूपं पाठ करताना 'गो-वेन्ट-गॉन'ला अडखळणारी पोरं 'कट-कट-कट' आलं की वर्ग दणाणून सोडतात, कारण तिन्ही रूपं एकच. ऐकणाऱ्याला ती कटकट वाटते, पण पोरांना त्या पाठांतरात तेवढाच विसावा.

हा कट आता स्वयंपाकघरात शिरला आहे आणि तिथली भाषा त्यानं सपाट केली आहे. चिरणं ही मुळात विळीची क्रिया. विळीचं पातं जागेवर असतं आणि भाजी हलते. चाकूचं उलटं, भाजी जागेवर आणि पातं हलतं. पाटावर पाय दाबून बसलं की दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून कोथिंबिरीची जुडी मुठीत आवळून पुढं सरकवत सरकवत हवी तितकी बारीक चिरता येते. कांदा देठाकडून मुळाकडं उभा चिरला तर पाकळी परततानाही आकार धरून राहते. आडवा चिरला तर त्याच्या पेशी जास्त फुटतात, तो लवकर गळतो आणि डोळ्यांना जास्त झोंबतो. पातं बोथट असेल तर ते कांदा चिरतच नाही, चेंगरतं; पेशी फुटून आतला रस आणि विकर (एन्झाइम) एकत्र आले की डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. त्यामुळं रडू आलं तर कांद्याला नावं ठेवण्याआधी पात्यावर बोट फिरवून बघावं, अर्थात जपून. भेंडी धुऊन, कोरडी पुसून मगच चिरायची, नाहीतर तार सुटते. भरल्या वांग्याला चिरा द्यायच्या, चार फाका देठापाशी धरलेल्या राहिल्या पाहिजेत. फाक सुटी झाली की मसाला रश्श्यात आणि वांगं रिकामं. गुळाची तर दोन वेगळी कामं आहेत. ढेप फोडायची, आणि फोडलेला खडा विळीवर चिरायचा. चिरलेला गूळ पाकात एकसारखा विरघळतो. फोडलेला खडा तसाच टाकला तर भोवतीचा पाक पुढं जातो आणि मधे गाठ तशीच राहते, मग ती गाठ विरघळेपर्यंत पाक पक्का होऊन बसतो आणि लाडू दाताला दाद देत नाहीत.

असं प्रत्येक वस्तूचं आहे. नारळ फोडतात आणि खवतात. सुपारी अडकित्त्यानं कातरतात. शेवग्याची शेंग मोडतात आणि मोडता मोडताच तिचे दोर काढतात. वड्या पाडतात, भाकरीचा तुकडा मोडतात, नखं काढतात, फांदी छाटतात, लाकूड फोडतात किंवा तासतात, पावती फाडतात. चपलेचं चामडं रापीनं कापतात, तेही भिजवून आणि ठोकून सारखं केल्यावर. तळाला पाठीकडचं घट्ट चामडं घेतात, कारण पोटाकडचं सैल असतं आणि ताणतं. पट्टा त्या पोटाकडच्या चामड्यातून काढला तर चार महिन्यांत पाय चपलेत पोहायला लागतो. कडा पातळ करायच्या तर मात्र चामडं कापत नाहीत, तासतात. या प्रत्येक क्रियापदात हत्यार कोणतं, जोर किती आणि झाल्यावर काय उरणार, हे आधीच सांगून झालेलं असतं. खुडणं म्हणजे नखानं किंवा बोटांच्या चिमटीत, आणि मागं झाड जिवंत. कागल-निपाणी पट्ट्यात तंबाखूचा शेंडा खुडतात, म्हणजे फुलाकडं जाणारा जोर पानात उतरतो आणि पान जाड होतं. पण शेंडा गेला की बगलेतून फूट येते आणि तीही पुन्हा पुन्हा काढावी लागते. नाचणीची कणसं खुडतात, आजऱ्याकडं भात कापतात, भुईमूग उपटतात.

भुईमूग कट केला तर शेंगा जमिनीतच राहतील.

शिंप्याच्या दुकानात 'कटिंग मास्टर' असतो, पण त्याचं खरं काम कात्री उचलण्याआधीच संपलेलं असतं. त्या कामाला बेतणं म्हणतात. सुती कापड आटतं म्हणून आधी पाण्यातून काढून वाळवायचं, इस्त्री मारायची, उभा धागा कुठला आणि आडवा कुठला ते बघायचं, घडी घालायची, खडूनं खुणा करायच्या, शिलाईसाठी कडेनं दाब सोडायचा. पाठ, पुढा आणि बाही कापडावर अशा मांडायच्या की उरल्या तर फक्त चिंध्या उराव्यात. ब्लाउजपीस ८० सेंटिमीटरचा आणि बाही कोपरापर्यंत हवी, अशी वेळ आली की बेतणाऱ्याचं कसब दिसतं. खणाचं कापड असेल तर काठ बाहीला यायला हवेत. नक्षीचं तोंड एकाच बाजूला असेल तर पाठीवर मोर वर बघतोय आणि पुढ्यावर खाली, असं होऊ नये. गळपट्टी उरेब काढायची, म्हणजे धाग्याला ४५ अंशांत तिरकी. सरळ धाग्यावरची पट्टी ताणत नाही, ती गोल गळ्यावर बसवायला गेलं की चुण्या पडतात आणि कितीही इस्त्री फिरवली तरी त्या जात नाहीत. नवशिका कापड वाचवायला गळपट्टी उरलेल्या सरळ तुकड्यातून काढतो आणि दोन दिवसांनी गिऱ्हाईक ब्लाउज परत घेऊन येतं. बेतण्यावरून आपण केवढा संसार थाटला आहे! जेवणाचा बेत, सहलीचा बेत, बेताची परिस्थिती, बेतानं खर्च, आणि वेळ वाईट असली की जिवावर बेततं. 'कट'ला एवढी पिल्लावळ मराठीत अजून झालेली नाही.

इंग्रजीवर राग काढायचं मात्र कारण नाही. त्या भाषेत 'कट' हे क्रियापद १३०० च्या आसपास लिखाणात दिसायला लागलं आणि ते आलं कुठून यावर आजही एकमत नाही. त्याआधी कापण्याला जुन्या इंग्रजीत जे मुख्य क्रियापद होतं तेच आजचं 'कार्व्ह'. ते पुढं मांसाचे काप काढणं आणि लाकूड-दगड कोरणं एवढ्यापुरतं उरलं. म्हणजे सपाटीकरण त्यांच्याकडंही झालं. तरीही कांदा बारीक करायचा तर इंग्रज 'चॉप' म्हणतो, पातळ काप हवे असतील तर 'स्लाइस', चौकोनी फोडी 'डाइस', अगदी कणी करायची तर 'मिन्स'. गवत 'मो' करतात, उभं पीक 'रीप', झाडाची छाटणी 'प्रून', मेंढीची लोकर 'शिअर', कुंपणाची वेल 'ट्रिम'. त्यांच्या स्वयंपाकाच्या पुस्तकात नुसतं 'कट' लिहिलेलं क्वचित सापडतं. आपण मात्र त्या अख्ख्या पेटीतून सगळ्यात मोघम तेवढं एकच हत्यार उचललं आणि आपली पेटी माळ्यावर टाकली. आणखी एक गंमत आहे. 'कट' आणि आपलं 'काट' कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण ते तसे नाहीत. 'काट' संस्कृतातल्या कापण्याच्या 'कृत्' या धातूपासून प्राकृतातून आलं. त्याच धातूची कर्तरी, म्हणजे आपली कात्री आणि कातर. आणि भाषाशास्त्र सांगतं की या घराण्याचा दूरचा भाऊबंद इंग्रजीत शोधायचा तर तो 'कट' नव्हे, लोकर कातरणारा 'शिअर'.

एका धंद्यात तर 'कट'चा अर्थच उलटा झाला आहे, आणि तो धंदा कोल्हापुरानं फार लवकर पाहिला. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी इथंच काढली. प्रभात १९२९ मध्ये इथंच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. सेटवर दिग्दर्शक 'कट' म्हणाला की कॅमेरा थांबतो, तिथपर्यंत शब्द सरळ आहे. पण संकलनाच्या टेबलावर 'कट' म्हणजे दोन तुकडे जिथं जोडले जातात ती जागा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, म्हणजे मिनिटाला ९० फूट. नट दारातून आत येतो ते त्याची मान वळते यातल्या दोन चौकटी कमी-जास्त झाल्या तर प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण काहीतरी अडखळल्यासारखं वाटतं. कात्री चालवल्यावर पट्टीच्या कडेवरचा चित्राचा थर खरवडायचा, उघड्या पट्टीवर सिमेंट, म्हणजे फिल्म चिकटवायचं द्रावण, लावायचं, दुसरं टोक वर ठेवून दाबून धरायचं. खरवडणं अर्धवट राहिलं तर जोड प्रोजेक्टरमध्ये सुटतो आणि थिएटरात शिट्ट्या सुरू होतात. सिमेंट जास्त झालं तर शेजारच्या चौकटीवर ओघळतं. इंग्रजीनं या कामाला नाव दिलं ते कापण्यावरून. मराठी श्रेयनामावलीत मात्र 'संकलन' लिहितात, म्हणजे गोळा करून जुळवणं. माझ्या मते इथं मराठीनं काम जास्त बरोबर ओळखलं.

'कट'नं जिथं स्वतःची जागा कमावली आहे, तिथून त्याला उठवण्यात अर्थ नाही. फोन कट झाला याला 'फोन तुटला' म्हटलं तर समोरचा दुरुस्तीचं दुकान सुचवेल. रंकाळ्याकडून येताना एखादी मोटरसायकल अंगावर येऊन हुकली की 'कट मारून गेलं बघ' यापेक्षा नेमकं काही म्हणताच येत नाही. मागून येणं, घासून पुढं जाणं, लगेच समोर वळणं आणि पोटात गोळा येणं, एवढं सगळं त्यात आहे. कटिंगचं तर गावागणिक वेगळं. मुंबईत कटिंग पितात. कोल्हापुरात कटिंग करून घेतात आणि आरशात मागून बघतात. जावळ काढणं, भादरणं, हजामत, डोई करणं हे सगळं त्या एका खुर्चीत मावलं, पण तिथं निदान पुढचा प्रश्न विचारतात : मशीन की कात्री? मशीनला एक नंबर म्हटलं तर साधारण ३ मिलिमीटर केस राहतात, दोनला ६. 'बारीक करा' एवढंच सांगून डोळे मिटणाऱ्याला नंतर तक्रारीचा हक्क नाही.

पैशाच्या बाबतीत मराठी अजून सावध आहे. पगारातून जातं ती कपात किंवा वजावट, लेखातून जातं ती काटछाट, घरखर्चात काटकसर. अर्थसंकल्पाला कात्री लागते, लग्नातल्या मानपानाला फाटा देतात, दुकानदार सूट देतो. मधल्या माणसाचा 'कट' म्हणजे धान्यबाजारात अडत आणि जमिनीच्या व्यवहारात दलाली. पोत्यामागं ओलीच्या नावानं वजन धरतात तो कडता. यातला प्रत्येक शब्द पैसे कुणाचे गेले आणि कुणाच्या खिशात गेले, हे सांगतो. म्हणून की काय, ज्याला ते सांगायचं नसतं तो हळूच म्हणतो, "त्यात आपला पण कट आहे."

आणि ऊस. कोल्हापूर जिल्ह्यात राहून कापण्याबद्दल लिहायचं आणि उसाला बगल द्यायची, हे होत नाही. ऊस कापत नाहीत, तोडतात. हंगामात बीडकडून टोळ्या येतात आणि त्यांची मोजदाद कोयत्यांत होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसाला हत्याराचं नाव देणारी ही मोजणी ऐकायला सोपी आहे, पचायला नाही. तोडताना आधी पाचट, म्हणजे वाळकी पानं, झाडायचं, मग ऊस एका हातात धरून वाकून बुडख्यालगत घाव घालायचा, वाडं, म्हणजे हिरवा शेंडा, वेगळं करायचं, वाड्यानंच मोळी बांधायची. घाव जमिनीलगतच का, तर साखर बुडाकडं जास्त आणि शेंड्याकडं कमी असते. दोन-तीन इंच बुडखा वर राहिला म्हणजे सगळ्यात गोड तुकडा रानात राहिला, आणि वाडं उसाबरोबर गेलं तर साखरेचा उतारा खाली येतो. दुसरं कारण खोडव्याचं, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा घेतात त्या पिकाचं. बुडखा उंच राहिला की जमिनीवरच्या डोळ्यांतून फुटवे येतात, त्यांची मुळं वरच्यावर राहतात आणि पावसाळी वाऱ्यात ते लोळतात. जमिनीखालच्या डोळ्यांतून आलेला फुटवा दमदार असतो. कोयता बोथट असेल तर एका घावात काम होत नाही, बुडखा फाटतो आणि त्या भेगेतून कूज शिरते. संध्याकाळी कोयत्यांना धार लावत बसलेली माणसं दिसतात ती त्यासाठी. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळला जावा, कारण तुटल्या क्षणापासून त्यातली साखर उतरायला लागते. गाड्यांच्या रांगेत दोन दिवस उभा राहिलेला ऊस वजनानंही हलका होतो.

'तोड'चा पसारा मग गावभर आहे. "तुमच्याकडं तोड आली का?" हा डिसेंबर-जानेवारीतला नमस्कार. तालमीत प्रत्येक डावाला तोड असते. ढाक, कलाजंग, घिस्सा यांच्या तोडी येत नसतील तर पोराला खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरवत नाहीत. त्यावरून तोडीस तोड, बिनतोड, तोडगा. म्हणजे ज्या शब्दात तुटणं आहे त्याच शब्दात उत्तरही आहे, हे 'कट'ला जमणार नाही.

अलीकडं रानात हार्वेस्टर दिसतात आणि बांधावर ऐकू येतं, "मशीननं कट केला." यंत्राच्या तळाशी फिरत्या चकत्या असतात, त्या ऊस बुडातून तोडतात, आत त्याचे वीतभर तुकडे होतात, पंखा पाचट बाहेर फेकतो आणि तुकडे शेजारून चाललेल्या ट्रॉलीत पडतात. मजूर मिळत नाहीत तिथं हे वरदान आहे, पण उसाची टोकं वाढली म्हणजे जंतूंना शिरायच्या जागा वाढल्या. असा ऊस अखंड उसापेक्षा लवकर आंबतो, त्याला रांगेत ठेवून चालत नाही. पाचट पूर्ण निघत नाही म्हणून कारखाने वजनात वजावट धरतात आणि ती किती असावी यावर दर हंगामात वाद होतो. रान उंचसखल असेल किंवा सऱ्या यंत्राच्या रुंदीला जुळणाऱ्या नसतील तर चकती कुठं बुडखा वर ठेवते, कुठं मुळासकट उचकटते. खोडवा धरायचा असेल तर त्या रानात पुन्हा माणूस लागतो, धारदार कोयता घेऊन राहिलेले बुडखे जमिनीसपाट छाटायला. हे काम तोडणीनंतर लगेच उरकावं लागतं. डोळे फुटून कोंब वर आल्यावर छाटायला गेलं तर कोंबच जातात.